एका कुलपाआड सहाशे किलो

अणुबॉम्ब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते समीकरणांनी फळा भरून टाकणारे शास्त्रज्ञ आणि त्यांनी जिवापाड जपलेले गुपित. एखाद्या हेराने ते गुपित पळवले आणि त्याचा देश रातोरात अण्वस्त्रधारी झाला, अशा कथा आपण कादंबऱ्यांतून वाचलेल्या असतात. वस्तुस्थिती निराळी, आणि खरे सांगायचे तर बरीच रुक्ष आहे. अणुबॉम्बची मूलतत्त्वे गेली कित्येक दशके महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतून छापली जात आहेत. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बची रचना तर इतकी सरळ होती, की तो टाकण्यापूर्वी त्याची चाचणी घेण्याचीही गरज त्याच्या निर्मात्यांना वाटली नाही. अवघड होते ते त्यात भरावयाचे सुमारे ६४ किलो युरेनियम मिळवणे. तेवढ्यासाठी अमेरिकेला टेनेसी राज्यातील ओक रिज येथे एक संपूर्ण नवे शहर वसवावे लागले आणि हजारो माणसांना आपण काय करीत आहोत हे न सांगता राबवून घ्यावे लागले.

ह्या युरेनियमचे कोडे उलगडल्याशिवाय पुढील हकिकतीचे मर्म ध्यानात यावयाचे नाही. म्हणून वाचकांनी क्षणभर धीर धरावा. खाणीतून निघणाऱ्या युरेनियमच्या दर हजार भागांत जेमतेम सात भाग ‘युरेनियम-२३५’ असते. बाकीचे जवळजवळ सगळे ‘युरेनियम-२३८’. ह्या दोघांचे रासायनिक गुणधर्म एकसारखेच. जुळ्या भावांत आईलाच काय तो फरक कळावा, तसे. फरक फक्त वजनाचा, आणि तोही सव्वा टक्क्याच्या आसपास. एवढ्याशा फरकाचा आधार घेऊन दोघांना वेगळे काढावयाचे, म्हणजे पहिल्याचे प्रमाण वाढवत न्यावयाचे, ह्याला ‘समृद्धीकरण’ म्हणतात. वीज निर्माण करणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना तीन ते पाच टक्के प्रमाण पुरते. बॉम्बसाठी ते नव्वद टक्क्यांच्या घरात लागते. वीस टक्क्यांच्या पुढचे ते ‘अतिसमृद्ध’, आणि त्याच्या खालचे ‘अल्पसमृद्ध’, अशी आंतरराष्ट्रीय व्यवहारातील विभागणी आहे.

दुसरा स्फोटक पदार्थ प्लुटोनियम. तो निसर्गात जवळजवळ सापडत नाही. अणुभट्टीत युरेनियम जळताना तयार होतो. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आपल्या तपासणीसाठी जी मोजपट्टी वापरते, तिच्याप्रमाणे अतिसमृद्ध युरेनियमात २५ किलो ‘युरेनियम-२३५’ असले, किंवा ८ किलो प्लुटोनियम असले, तर त्यातून एक बॉम्ब होण्याची शक्यता नाकारता येत नाही. युरेनियम शिशाहूनही पुष्कळ जड. पंचवीस किलोचा ऐवज दीड लिटरच्या तांब्यात सहज मावेल.

अशा रीतीने ‘अण्वस्त्रांच्या प्रसारास प्रतिबंध’ ह्या भारदस्त शब्दसंहतीचा अर्थ शेवटी कोठीघरातल्या कामावर येऊन ठेपतो. माल किती आहे, कोठे ठेवला आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि वहीतला आकडा तराजूवरच्या आकड्याशी जुळतो की नाही, हे पाहणे. करार-मदार, परिषदा, भाषणे ह्यांची गरज आहेच. परंतु कोठी उघडी असेल तर त्यांचा उपयोग काय?

१९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघराज्य मोडले, तेव्हा जगातील सर्वांत मोठ्या अशा एका कोठीचा धनीच नाहीसा झाला. एका राज्याची पंधरा राज्ये झाली. त्यांतील कझाकस्तान ह्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशाच्या वाट्याला चौदाशेच्या आसपास लांब पल्ल्याची अण्वस्त्रे आली. शिवाय सेमिपालातिन्स्कचे चाचणीक्षेत्र आले, जेथे १९४९ ते १९८९ ह्या चाळीस वर्षांत ४५६ अणुचाचण्या झाल्या होत्या. त्या चाचण्यांचे भोग आसपासच्या खेड्यांनी भोगले होते. १९८९ मध्ये कवी ओल्झास सुलेमेनोव्ह ह्यांनी तेथील लोकांचे मोठे आंदोलन उभे केले, आणि २९ ऑगस्ट १९९१ रोजी, म्हणजे संघराज्य मोडण्याच्याही आधी, राष्ट्राध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव ह्यांनी ते क्षेत्र कायमचे बंद करण्याचा हुकूम काढला. ज्या देशाने हे सोसले, त्याला अण्वस्त्रांचा मोह फारसा उरला नव्हता, हे पुढील घटनांच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बॉम्बगोळ्यांवर सगळ्या जगाचे लक्ष होते. ते क्रमांक टाकून मोजलेले होते आणि त्यांच्यावर लष्कराचा पहारा होता; एप्रिल १९९५ पर्यंत ते सारे रशियाला परत गेले. खरी काळजी होती ती कारखान्यांतून, प्रयोगशाळांतून आणि गुदामांतून पडलेल्या कच्च्या मालाची. सोव्हिएत कारखान्यांत हिशेब ठेवला जाई तो ठरलेला कोटा पुरा झाला की नाही हे दाखवण्यासाठी. एखाद्या वर्षी उत्पादन कमी पडले तर हाताशी असावे, म्हणून थोडा माल वहीबाहेर राखून ठेवण्याची रीत सर्रास होती. मालाची चोरी कोणी करील ही कल्पनाच त्या व्यवस्थेला शिवली नव्हती. देशाच्या सीमा बंद, शहरे बंद आणि माणसांवर पाळत. मग दाराला भक्कम कुलूप कशाला हवे?

मॉस्कोच्या दक्षिणेस पोदोल्स्क येथे १९९२ मध्ये घडलेला प्रकार ह्या दृष्टीने बोलका आहे. तेथील एका अणुसंशोधन-संस्थेत काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या ध्यानात आले, की प्रक्रियेत तीन टक्क्यांपर्यंत घट येणार असे हिशेबात धरलेलेच आहे. त्याने काम अधिक काळजीपूर्वक करून घट कमी केली आणि वाचलेला माल थोडाथोडा करून घरी नेला. कोणाला काही कळले नाही, कारण वहीप्रमाणे काही कमी झालेच नव्हते! काही महिन्यांत दीड किलो अतिसमृद्ध युरेनियम त्याच्या घराच्या सज्जात जमा झाले. ते विकून त्याला काय घ्यावयाचे होते? एक शीतकपाट आणि एक शेगडी. तो पकडला गेला तोही योगायोगानेच. रेल्वेस्थानकावर त्याच्यासोबत होती ती ओळखीची मंडळी कारखान्यातील बॅटऱ्या चोरून विकावयास निघाली होती, आणि पोलीस त्यांच्या मागावर होते. युरेनियमचा संशय कोणालाच नव्हता.

ह्या पार्श्वभूमीवर आपण कझाकस्तानच्या पूर्व टोकाकडे वळू. तेथे इर्तिश आणि उल्बा ह्या नद्यांच्या संगमावर उस्त-कामेनोगोर्स्क नावाचे कारखान्यांचे शहर आहे. आज त्याला ओस्केमेन म्हणतात. तेथील ‘उल्बा’ धातुकारखान्यात अणुभट्ट्यांचे इंधन आणि बेरिलियमसारखे दुर्मिळ धातू तयार होत. सोव्हिएत आरमाराने शीतयुद्धाच्या काळात टायटेनियमच्या कवचाची एक अतिवेगवान पाणबुडी बांधली होती. पाश्चात्त्य देशांत ती ‘आल्फा’ ह्या नावाने ओळखली जाई. तिच्या छोट्या परंतु जबरदस्त अणुभट्टीला नव्वद टक्के समृद्ध युरेनियमाचे इंधन लागे आणि ते उल्बा कारखान्याशी निगडित होते. भट्टी थंड ठेवण्यासाठी पाण्याऐवजी शिसे आणि बिस्मथ ह्यांचा वितळलेला रस खेळवलेला असे. तो गोठला की भट्टीच निकामी. सांभाळण्यास ही पाणबुडी फार कटकटीची ठरली. सात पाणबुड्या बांधून तो प्रकल्प गुंडाळला गेला. इंधनासाठी आणलेले युरेनियम मात्र उल्बामध्ये पडून राहिले. पुढे राज्य मोडले, आणि मॉस्कोला त्याची आठवणही राहिलेली दिसत नाही.

१९९३ साली अल्माटी ही कझाकस्तानची राजधानी होती. तेथील अमेरिकन वकिलातीत अँडी वेबर नावाचा एक तरुण अधिकारी होता. त्याला रशियन भाषा उत्तम येत असे आणि माणसे जोडण्याची त्याला हौस होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात ओळखीच्या एका कर्नलने त्याला एका बर्फाच्छादित अंगणात नेऊन हातात एक चिठोरे ठेवले. त्यावर एवढाच मजकूर होता: युरेनियम-२३५, नव्वद टक्के, सहाशे किलो. हा निरोप धाडणारे गृहस्थ उल्बा कारखान्याचे संचालक व्हिताली मेत्ते होते. मेत्ते एके काळी सोव्हिएत पाणबुडीचे कप्तान होते. आपल्या कोठीत काय आहे आणि त्याचे मोल काय आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

तो काळ कसा होता हे विसरता कामा नये. एकच महिना आधी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, कझाकस्तानने रूबल सोडून ‘तेंगे’ हे स्वतःचे चलन सुरू केले होते. महागाई गगनाला भिडली होती, कारखाने बंद पडत होते, लोकांचे पगार थकत होते. अशा दिवसांत दोन डझन बॉम्बना पुरेल इतका माल एका माणसाच्या ताब्यात होता, आणि त्याला गिऱ्हाईक मिळाले नसते असे कोण म्हणेल? मेत्ते ह्यांनी त्याची वर्दी दिली ती परक्या, कालपर्यंत शत्रू मानल्या गेलेल्या देशाच्या वकिलातीला, अर्थात आपल्या सरकारचा कल ओळखूनच. ह्या साऱ्या प्रकरणाची वर्णने बहुधा अमेरिकनांनी लिहिलेली आहेत आणि त्यांत अमेरिकनांचे साहस ठळक दिसते. मला मात्र ह्या कथेचा नायक तो कारखान्याचा संचालकच वाटतो.

वॉशिंग्टनमध्ये प्रथम कोणाचा विश्वास बसेना. अणुमाल विकण्याच्या थापा मारणारे भामटे त्या काळी गल्लोगल्ली निघाले होते. अखेर खात्री करून घेण्यासाठी १९९४ च्या मार्चमध्ये ओक रिज येथील अभियंते एलवूड गिफ्ट ह्यांना गुपचूप उल्बाला धाडण्यात आले; वेबर त्यांच्यासोबत होता. इमारतीच्या दाराला एक साधे, जुन्या घडणीचे कुलूप होते. ते काढून आत गेल्यावर फळ्यांच्या ठेंगण्या मांडण्यांवर पोलादी डबे आणि बादल्या ओळीने मांडलेल्या दिसल्या. त्या एकमेकींपासून अंतर राखून ठेवलेल्या होत्या, आणि त्याला कारणही होते: इतक्या समृद्ध युरेनियमाचे पुरेसे ढीग जवळ आणले तर त्यांच्यात आपोआप शृंखला-प्रक्रिया सुरू होऊन जवळच्या माणसांचा जीव जाऊ शकतो. गिफ्ट ह्यांनी काही डब्यांतील नमुने काढून तपासले. चिठोऱ्यावरचा आकडा खरा होता.

नव्वद टक्के समृद्ध युरेनियम, सहाशे किलो, आणि त्याच्या रक्षणाला एक कुलूप.

येथून पुढे तातडीने हालचाल झाली असेल अशी वाचकांची समजूत होईल. पण सरकारी कारभार सगळीकडे सारखाच. खर्च कोणत्या खात्याने सोसावा, माल अमेरिकेत आणावा की रशियाला परत जाऊ द्यावा, टेनेसीतील पर्यावरणविषयक कायद्यांची पूर्तता गुप्तता राखून कशी करावी, ह्या वादांत उन्हाळा सरला. रशियाच्या कानावरही गोष्ट घालावी लागली. त्यांनी हरकत घेतली नाही. एवढ्या अवधीत त्या कुलपाला काही झाले नाही, हे जगाचे नशीब. मोहिमेला नाव मिळाले ‘प्रोजेक्ट सॅफायर’, म्हणजे नीलमणी.

१९९४ च्या ऑक्टोबरात ३१ जणांची अमेरिकन तुकडी ‘सी-५’ ह्या अवाढव्य मालवाहू विमानांतून उस्त-कामेनोगोर्स्कला उतरली. अ‍ॅलेक्स रीडी हे तिचे प्रमुख. काम मुलखाचे किचकट होते. एक हजारांवर डब्यांत भरलेला माल निरनिराळ्या स्वरूपांचा होता. काही धातूचे तुकडे, काही भुकटी, काही बेरिलियमशी केलेला मिश्रधातू. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून तोंडाला श्वासयंत्र लावूनच काम करावयाचे. एकेक डबा उघडणे, वजन करणे, युरेनियमाचे प्रमाण मोजणे, ओल असल्यास भट्टीत सुकवणे, लहान डब्यात भरणे, आणि तो डबा पुन्हा मजबूत पोलादी पिंपात बसवणे. दिवसाचे बारा तास, आठवड्याचे सहा दिवस. बाहेर अक्षर निघता कामा नये असा दंडक होता. कारखान्यातील कझाक आणि रशियन कामगार त्यांच्या बरोबरीने राबत होते. बर्फ पडण्यापूर्वी निघावयाचे असा बेत होता, तो फसला. पिंपे भरून तयार झाली तेव्हा नोव्हेंबर उलटत आला होता आणि हिवाळा येऊन ठेपला होता. पिंपांची संख्या ४४८.

मालमोटारींचा तांडा गोठलेल्या रस्त्यावरून विमानतळाकडे निघाला तो उजाडण्यापूर्वी. धावपट्टीवर बर्फ साचला होता. तो दूर करण्यासाठी तेथल्या मंडळींनी मालमोटारीवर विमानाचे इंजिनच चढवून आणले आणि त्याच्या झोताने पट्टी मोकळी केली! हवामानाने दगा दिल्यामुळे विमाने एकापाठोपाठ न सुटता रखडत सुटली. मध्ये कोठेही उतरावयाचे नाही, कारण असा माल घेऊन कोणत्या देशात उतरणार? आकाशातच इंधन भरून घेत सुमारे वीस तासांचे उड्डाण करून ती अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातील डोव्हर तळावर पोहोचली. तेथून पिंपे बंदोबस्तात ओक रिजला गेली. हिरोशिमाच्या बॉम्बचे युरेनियम जेथे तयार झाले होते, तेथेच. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी ही गोष्ट जगाला सांगण्यात आली. पुढे ते युरेनियम साध्या युरेनियमात मिसळून वीजकेंद्रांच्या इंधनाच्या पातळीवर आणण्याची व्यवस्था झाली. कझाकस्तानला मोबदला म्हणून रोख व वस्तुरूपाने जे मिळाले, ते दोन ते तीन कोटी डॉलरच्या दरम्यान होते. एका लढाऊ विमानाची तेवढी किंमत असते.

समृद्धीकरणाची मौज अशी, की ही वाट उलटही चालता येते. अतिसमृद्ध युरेनियम साध्यात मिसळले की बॉम्बच्या दृष्टीने निरुपयोगी होते. पुन्हा बॉम्बयोग्य करावयाचे तर सारा खटाटोप नव्याने करावा लागतो. अमेरिका व रशिया ह्यांच्यात १९९३ मध्ये झालेल्या करारानुसार रशियाच्या मोडीत काढलेल्या अण्वस्त्रांतील ५०० टन युरेनियम अशा रीतीने पातळ करून अमेरिकेच्या वीजकेंद्रांत जाळण्यात आले. ते काम २०१३ पर्यंत चालले. वीस हजार बॉम्बचा तो ऐवज होता. आणि त्या वर्षांत अमेरिकेत पेटणाऱ्या दर दहा दिव्यांतला एक दिवा त्याच्या बळावर पेटत होता. निःशस्त्रीकरणाच्या साऱ्या इतिहासात इतका व्यवहारी आणि इतका कमी गाजलेला करार दुसरा नसावा.

आपल्या घराच्या जवळही ह्या हिशेबाचा एक धागा येतो. तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी अतिसमृद्ध युरेनियमावर चालत असे, आणि ते इंधन ब्रिटनने दिले होते. त्या काळात जगभर संशोधनासाठी अशा कित्येक भट्ट्या उभ्या राहिल्या; देणाऱ्याला वा घेणाऱ्याला त्यात वावगे वाटत नव्हते. ‘अप्सरा’ २००९ मध्ये बंद करण्यात आली, आणि १० सप्टेंबर २०१८ रोजी तिच्या जागी सुरू झालेली नवी भट्टी अल्पसमृद्ध इंधनावर चालते. अर्थात भारताचे ह्या बाबतीतले नाते एकपदरी नाही. १९७४ च्या पोखरण स्फोटातील प्लुटोनियम तुर्भे येथील, कॅनडाच्या साहाय्याने बांधलेल्या ‘सायरस’ भट्टीतले होते. त्या स्फोटानंतरच पुरवठादार देशांनी एकत्र येऊन अणुसाहित्याच्या निर्यातीवर निर्बंध घालणारा गट स्थापन केला. अण्वस्त्रप्रसारबंदीच्या करारावर भारताने सही केलेली नाही. तो करार पाच देशांना एक न्याय आणि इतरांना दुसरा न्याय देतो, हा आपला आक्षेप मला आजही सयुक्तिक वाटतो. परंतु कोठीचा हिशेब चोख असावा, ह्याच्याशी त्या आक्षेपाचा विरोध नाही. आणि तो पुरवठादार गट २००८ साली भारताच्या बाबतीत नरमल्यावर आपल्या वीजकेंद्रांसाठी युरेनियम येऊ लागले, ते कोठून? अन्य देशांबरोबरच कझाकस्तानातूनही.

कझाकस्तानातील कोठी नीलमणी-मोहिमेने रिकामी झाली असे मात्र नव्हे. सेमिपालातिन्स्कच्या चाचणीक्षेत्रात देगेलेन नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटात १८१ बोगदे खणून सोव्हिएत शास्त्रज्ञांनी स्फोट घडवले होते. त्यांतील काही प्रयोग असे होते, की त्यांत प्लुटोनियम पूर्णपणे खर्ची न पडता तसेच मागे राहिले होते. क्षेत्र बंद झाले, सैन्य निघून गेले, आणि डोंगर बेवारशी पडला. पोटासाठी हातपाय मारणारी आसपासची माणसे बोगद्यांतल्या तांब्याच्या तारा आणि लोखंडी रूळ काढून भंगारात विकू लागली. बोगद्यांची तोंडे सिमेंटने बंद केली, तर ती फोडण्यात येऊ लागली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या लॉस अ‍ॅलामोस प्रयोगशाळेचे माजी संचालक सिगफ्रीड हेकर तेथे गेले. उंटांवर तारा लादून नेणारे काही गरीब लोक दिसतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांना यंत्रांनी खणलेले मैलोगणती चर दिसले. तारा शोधणाऱ्यांना प्लुटोनियमची कल्पना नव्हती. पण ज्याला ती आहे असा कोणी त्यांच्या मागोमाग आला असता तर?

गंमत अशी, की नेमके कोणत्या बोगद्यात काय उरले आहे हे फक्त रशियन शास्त्रज्ञांना ठाऊक होते, आणि ती त्यांची लष्करी गुपिते होती. जमीन कझाकांची, पैसा अमेरिकेचा आणि माहिती रशियाची. हेकर आणि त्यांचे रशियन समव्यवसायी ह्यांच्यातील वैयक्तिक विश्वासावर ती माहिती थोडीथोडी बाहेर आली. मग धोक्याच्या जागांत विशिष्ट काँक्रीट ओतून तो माल असा जखडून टाकण्यात आला, की तो काढू म्हणता काढता येऊ नये. हे काम ऑक्टोबर २०१२ मध्ये संपले. त्याला सतरा वर्षे आणि सुमारे पंधरा कोटी डॉलर लागले. डोंगराच्या पायथ्याशी तीन भाषांतला एक लहानसा स्मृतिस्तंभ आहे. त्यावर काय केले ते लिहिलेले नाही, आणि ते योग्यच.

ह्या सगळ्यांतून जग किती सुरक्षित झाले? १९९४ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोहून म्यूनिकला आलेल्या प्रवासी विमानात तीनशे ग्रॅमहून अधिक प्लुटोनियम सापडले होते, त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रागमध्ये एका मोटारीत पावणेतीन किलोच्या आसपास अतिसमृद्ध युरेनियम मिळाले होते. त्या प्रमाणातील घटना पुढे विरळ झाल्या, हे खरे. तथापि जगात आजही बाराशे टनांहून अधिक अतिसमृद्ध युरेनियम आणि पाचशे टनांहून अधिक वेगळे काढलेले प्लुटोनियम आहे. बॉम्बयोग्य मालाचे उत्पादनच थांबवणारा करार करावा असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये केला, त्याच्या वाटाघाटी जिनीव्हात अद्याप धडपणे सुरूही झालेल्या नाहीत. इराणने साठ टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले चारशे किलोहून अधिक युरेनियम जमवले होते. २०२५ च्या जूनमध्ये त्याच्या अणुकेंद्रांवर हल्ले झाले आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना तो साठा डोळ्यांनी पडताळून पाहणे अशक्य झाले. मालाचा नाश झाला की तो हलवला गेला, हा प्रश्न त्यानंतर जगापुढे उभा राहिला. इमारती पाडता येतात. हिशेब मात्र तपासावाच लागतो.

समृद्धीकरणाची यंत्रे बसवणारा प्रत्येक देश एकच कारण सांगतो. उद्या राजकीय रागलोभापायी आमच्या वीजकेंद्रांचे इंधन कोणी तोडले तर आम्ही काय करावे? हे कारण कित्येकदा निमित्तमात्र असते, पण ते खोटेच असते असेही म्हणवत नाही. त्यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अल्पसमृद्ध युरेनियमाची एक पेढी काढण्याचे ठरवले. कोणत्याही देशाचा पुरवठा बिनदोष असताना खंडित झाला तर त्याने येथून विकत घ्यावा. अमेरिकन धनिक वॉरन बफे ह्यांनी त्यासाठी २००६ मध्ये पाच कोटी डॉलर देऊ केले. पुढे अमेरिका, युरोपीय संघ, नॉर्वे, कुवेत, संयुक्त अरब अमिराती अशा अनेकांची भर पडून निधी पंधरा कोटींवर गेला. पेढीसाठी जागा देण्यास कझाकस्तान पुढे आले, आणि त्याने जागा दिली ती उस्त-कामेनोगोर्स्कच्या उल्बा कारखान्यात. २९ ऑगस्ट २०१७ रोजी, सेमिपालातिन्स्क बंद झाल्याला बरोबर सव्वीस वर्षे झाली त्या दिवशी, पेढीच्या इमारतीचे उद्घाटन झाले. तेथे नव्वद टन युरेनियम ठेवण्याची सोय आहे. सर्व पाच टक्क्यांच्या आतले. मोठ्या वीजकेंद्राच्या एका भट्टीला पुरेल एवढे. १७ ऑक्टोबर २०१९ रोजी फ्रान्सहून निघालेली ३२ पोलादी नळकांडी आगगाडीने तेथे पोहोचली. उरलेली कझाकस्तानच्याच कंपनीने त्या वर्षाच्या डिसेंबरात आणून दिली, आणि दोन्ही वेळा संस्थेच्या निरीक्षकांनी ती पडताळून आपल्या वहीत जमा करून घेतली.